डोक्यावरचे अदृश्य छप्पर

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी माझे नाव सुचवताना चिटणीसबाईंनी एकच अट घातली होती : विषय शास्त्राचा चालेल, पण तो आपल्या भागातला असावा. ही अट मला मनापासून आवडली. मी आयुष्यभर हायस्कुलात मुलींना पदार्थविज्ञान शिकवले. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली की मुली ती मुकाट्याने वहीत उतरवून घेत. तीच गोष्ट गावातल्या विहिरीची, मोटेची किंवा पिठाच्या गिरणीची म्हणून सांगितली की चार हात वर होत आणि प्रश्न सुरू होत. म्हणून आज मी आपल्या शेजारच्याच एका गोष्टीविषयी बोलणार आहे.

नारायणगावाहून खोडदच्या रस्त्याला लागले, की ऊस, टोमॅटो आणि द्राक्षांच्या मळ्यांपलीकडे तारेच्या जाळीच्या अवाढव्य डिश दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. पाहुणे आले की आपण त्यांना मुद्दाम तिकडे नेतो आणि ‘ही जगातली मोठी रेडिओ-दुर्बीण’ म्हणून कौतुकाने सांगतो. पाहुणी विचारते, “यातून काय दिसते हो?” आपण म्हणतो, “तारे.” उत्तर खोटे नाही, पण पुरते नाही. या डिश दूरच्या आकाशगंगांकडे पाहतात हे खरेच. परंतु तसे पाहताना त्यांना आपल्याच घराच्या छपरातून पाहावे लागते. ते छपर हलते, डुलते, कधी त्याला लाटा येतात, कधी भोके पडतात. छपराचे हे हलणेही याच दुर्बिणींनी मोजता येते, आणि त्या मोजण्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे. तो कसा, ते आज सांगायचे आहे.

छप्पर कशाचे?

पृथ्वीभोवतीची हवा जसजसे वर जावे तसतशी विरळ होत जाते, हे आपण सर्वजणी जाणतो. सुमारे ६० किलोमीटरच्या वर गेल्यावर तिच्यात एक निराळाच गुण येतो. सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण तिथल्या कणांवर आदळतात व त्यांतले इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुट्या इलेक्ट्रॉनांनी भरलेला हा भाग पुढे हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. त्याला आयनांबर असे नाव आहे. इलेक्ट्रॉनांची सर्वांत जास्त दाटी साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर असते. डोळ्यांना ते मुळीच दिसत नाही. पण रेडिओच्या लहरींना ते चांगलेच जाणवते.

माझ्या वयाच्या भगिनींना याचा अनुभव आहे, फक्त त्याचे नाव ठाऊक नसेल. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागे, तेव्हा आमच्या वाड्यात एका रेडिओभोवती सगळे बिऱ्हाडकरू जमत. कोलंबो आपल्यापासून दीड हजार किलोमीटर दूर. पृथ्वी गोल, तेव्हा तिथली लहर सरळ रेषेत निघाली तर ती आपल्या माथ्यावरून कितीतरी उंच निघून जायची. ती जात नसे, कारण वरच्या आयनांबरावर आपटून ती परत खाली येई, जसा भिंतीवर टाकलेला चेंडू परत येतो तसा. गाणे ऐन रंगात आले असता आवाज एकाएकी बारीक होई, पुन्हा मोठा होई. वडील सुई इकडून तिकडे फिरवत आणि आई म्हणे, “राहू द्या, येईल आपोआप.” आईचे म्हणणे बरोबर होते. दोष रेडिओचाही नव्हता आणि स्टेशनचाही नव्हता. चेंडू ज्या भिंतीवर आपटत होता ती भिंतच हलत होती.

ही भिंत खरोखरच आहे, याचा पुरावा १९२४ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी दिला. त्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांनी या विषयाला वाहून घेतले आणि वरच्या वातावरणावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४७ सालीच प्रसिद्ध झाला. तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे, की हे छपर स्थिर नाही. दिवसा ते दाट होते, रात्री विरळ होते. सूर्यावर खळबळ झाली की ते खवळते. आणि खालून, म्हणजे आपल्या बाजूने, वादळाचा किंवा भूकंपाचा धक्का बसला तरी त्यात लाटा उठतात. १५ जानेवारी २०२२ रोजी पॅसिफिक महासागरात टोंगा बेटांजवळ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याच्या लाटा आयनांबरातून पृथ्वीभर पसरल्याचे मोजले गेले.

चुलीमागची भांडी

आता प्रश्न असा, की जे दिसत नाही त्याचे हलणे पाहायचे कसे? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. चूल पेटलेली असताना तिच्या वरून पलीकडच्या मांडणीकडे पाहा. मांडणीवरचे तांबे आणि डबे लवलवताना दिसतात. डबे काही हलत नाहीत. मधली तापलेली हवा हलते आहे आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो आहे. हवा आपल्याला दिसत नाही. पण डबा कोणत्या बाजूला किती लवला हे नीट पाहिले, तर चुलीवरच्या हवेचे झोत कसे चालले आहेत ते सांगता येईल. चांदण्या लुकलुकतात त्याही अशाच.

रेडिओ-दुर्बिणीला आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी ऐकू येतात, त्या आयनांबरावर आपटून परत फिरत नाहीत. त्यांची लांबी शॉर्टवेव्हच्या लहरींपेक्षा कमी असते, म्हणून त्या छपरातून आरपार खाली येतात. परंतु येताना त्या थोड्या वाकतात, थोड्या मागेपुढे होतात. आणि लहर जितकी लांब, तितका हा परिणाम मोठा.

हे प्रथम कळले तेही गमतीने. १९४६ साली इंग्लंडमध्ये जे. एस. हे आणि त्यांचे दोन सहकारी आकाशातून येणाऱ्या रेडिओ-लहरी मोजत होते. हंस नावाच्या तारकासमूहाच्या दिशेने येणारा आवाज थोड्या थोड्या वेळाने कमीजास्त होत असल्याचे त्यांना आढळले. तेव्हा असा समज झाला, की तो उगमच तसा लवलवणारा आहे. पुढे १९५० साली केंब्रिज आणि जॉड्रेल बँक येथील मंडळींनी एक साधी युक्ती केली. सुमारे २०० किलोमीटर अंतरावरच्या या दोन ठिकाणी एकाच वेळी त्याच उगमाचा आवाज नोंदला. उगमच लवलवत असता तर दोन्हीकडच्या नोंदी जुळायला हव्या होत्या. त्या जुळल्या नाहीत. यंत्रे अगदी जवळ आणली तेव्हा मात्र त्या जुळल्या. म्हणजे उगम स्थिर होता. लवलवत होते ते प्रत्येक ठिकाणच्या डोक्यावरचे छपर. चुलीमागचा डबा आणि चुलीवरची हवा यांची फारकत त्या दिवशी झाली.

या गोष्टीत एक मर्म आहे, ते ध्यानात ठेवावे. एका ठिकाणी बसून कितीही वेळ ऐकले असते, तरी हा भेद कळला नसता. दोघींनी आपापल्या अंगणातून पाहिले आणि मग नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा तो कळला.

खोडदला काय चालते?

आता आपण घरी येऊ. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे आपल्या देशातील रेडिओ-ज्योतिर्विद्येचे प्रवर्तक. त्यांनी १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे, ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या ३२ लहान डिश लावून सुरुवात केली. १९७० साली उटीला डोंगराच्या उतारावर मोठी दुर्बीण उभी राहिली. त्यानंतर त्यांनी आपला हा परिसर निवडला. खोडदच्या ३० डिशपैकी १४ मध्यभागी, सुमारे एक चौरस किलोमीटरच्या आवारात आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. टोकाच्या दोन डिशमध्ये सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पडते. पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरल्याने त्या हलक्या झाल्या, स्वस्त झाल्या, आणि वाराही त्यांतून निघून जातो. चाळणीतून पीठ खाली पडते पण गहू पडत नाही. तसे या जाळीतून वारा जातो, पण लांब रेडिओ-लहर मात्र अडते व परत फिरते.

एका दूरच्या उगमाकडे तीसही डिश एकदम तोंड करतात. त्याची लहर प्रत्येकीपाशी येते ती आपापल्या डोक्यावरच्या छपराच्या तुकड्यातून. एकीच्या वर इलेक्ट्रॉनांची दाटी जास्त, दुसरीच्या वर कमी. म्हणून लहरीही किंचित पुढेमागे होऊन पोहोचतात. मग यंत्र प्रत्येक डिशची नोंद दुसऱ्या प्रत्येक डिशच्या नोंदीशी ताडून पाहते. तीस डिशच्या अशा ४३५ जोड्या होतात. हळदीकुंकवाला आलेल्या तीसजणींनी प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा बोलायचे ठरवले, तर तितक्या भेटी होतील.

ज्योतिर्विदांच्या दृष्टीने हा पुढेमागेपणा म्हणजे उपद्रव. त्यामुळे आकाशगंगेचे चित्र पुसट होते, डोळ्यांत पाणी आल्यावर दिसावे तसे. म्हणून ते एखाद्या ठाऊक असलेल्या उगमाकडे पाहून हा बिघाड किती हे आधी काढतात, आणि आपल्या मोजमापातून तो वजा करून टाकतात. वर्षानुवर्षे हा वजा केलेला भाग तांदूळ निवडताना निघालेल्या खड्यांसारखा बाजूला पडत असे. पण तेच आयनांबराचे मोजमाप! ज्याला वरच्या वातावरणाचा अभ्यास करायचा आहे, त्याच्या लेखी तेच तांदूळ आणि बाकीचे खडे.

इंदूरच्या आय.आय.टी.तील सर्वेश मंगला आणि अभिरूप दत्ता यांनी हेच केले. खोडदच्या दुर्बिणीने एका तेजस्वी उगमाकडे सुमारे नऊ तास दोन वेगवेगळ्या लहरींवर पाहिले होते. त्या नोंदींतून त्यांनी छपराचे हलणे वेगळे काढले आणि २०२२ साली ते प्रसिद्ध केले. आपल्या डोक्यावर एक चौरस मीटर पायाचा खांब थेट आयनांबरातून वर गेला आहे अशी कल्पना करा. त्यात किती इलेक्ट्रॉन आहेत हे मोजण्याचे एक एकक आहे. एकावर सोळा शून्ये दिली की ते एक एकक होते. समजा, आपल्या माथ्यावर अशी ५० एकके आहेत. मध्यभागातल्या दोन जवळच्या डिशवरच्या खांबांत या एककाच्या हजाराव्या भागाइतका फरक असला, तरी खोडदला तो कळतो. बाजारातली पन्नास किलोची दोन पोती शेजारी ठेवावीत आणि एक दुसऱ्याहून एक ग्रॅमने जड आहे हे काट्याने सांगावे, असा हा प्रकार. पोते एकूण किती वजनाचे आहे हे मात्र हा काटा सांगत नाही. तो फरक तेवढा सांगतो. पण लाट ओळखायला फरकच लागतो. उपग्रहांच्या जी.पी.एस. पद्धतीने केलेल्या मोजमापापेक्षा हे दहापट तरी बारीक आहे.

फरक कोणत्या डिशपासून कोणत्या डिशकडे सरकत गेला हे पाहिले, की लाट कोणत्या दिशेने, किती वेगाने चालली आहे ते कळते. आयनांबरात अशा लाटा नेहमी चालू असतात. त्यांतल्या मध्यम लाटांची लांबी शंभर ते तीनशे किलोमीटर आणि वेग जवळजवळ विमानाइतका. आपण अंगणात पापड वाळत घालीत असतो, तेव्हा माथ्यावरून अशी एखादी लाट मुंबईकडून सोलापूरकडे निघून गेलेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

एका मुलीने पाहिलेल्या नळ्या

खोडदच्या डिशची नजर बारीक आहे, पण एका वेळी आकाशाचा लहानसा तुकडाच तिला दिसतो. छपराचा मोठा भाग एकदम पाहायचा तर वेगळ्या तऱ्हेची दुर्बीण लागते. तशी एक पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात, मर्चिसन नावाच्या ठिकाणी आहे. तिला फिरणारी डिशच नाही. जमिनीवर कोळ्याच्या आकाराच्या लहान लहान अँटेना मांडल्या आहेत. सोळांचा एक चौक, आणि २०१५ साली असे १२८ चौक सुमारे तीन किलोमीटरच्या परिसरात पसरलेले होते. या दुर्बिणीच्या उभारणीत बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचाही वाटा आहे.

सिडनी विद्यापीठात क्लिओ लॉय नावाची एक मुलगी पदवीचा अभ्यास करीत होती. मर्चिसनच्या दुर्बिणीला एकाच वेळी आकाशातले शेकडो उगम दिसतात. ते उगम आपल्या ठरलेल्या जागेवरून किंचित इकडेतिकडे सरकल्यासारखे दिसत होते. चुलीमागचे डबेच ते. फक्त एक-दोन नव्हेत, सारी मांडणी भरलेली. कोणता उगम कोणीकडे सरकला हे लॉयने नकाशावर मांडले, तेव्हा तिला ओळीने पट्टे दिसले : एक दाट, एक विरळ, पुन्हा दाट. पट्टे पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून होते.

आता ते किती उंचीवर आहेत? इथे तिने फार सुरेख युक्ती केली. दुर्बिणीचे चौक तिने पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे अशा दोन गटांत विभागले आणि दोन्हींची चित्रे वेगवेगळी काढली. आपण एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला गेलो तर दोरा चुकतो; दोन डोळ्यांनी पाहिले की सुई किती लांब आहे ते कळते. दुर्बिणीला असे दोन डोळे मिळाल्याबरोबर उंची निघाली : सुमारे ६०० किलोमीटर. ते पट्टे म्हणजे आयनांबराच्या वरच्या भागातून पुढे अंतराळाकडे गेलेल्या, विद्युत्कणांनी भरलेल्या नळ्या होत्या. अशा नळ्या असाव्यात असा तर्क शास्त्रज्ञ पूर्वीपासून करीत होते. परंतु त्यांचे असे प्रत्यक्ष चित्र तोवर कोणी पाहिले नव्हते. अनुभवी मंडळींना हे पटवून द्यायला तिला बराच वेळ लागला. २०१५ साली तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

माझ्या विद्यार्थिनींना मी ही गोष्ट नेहमी सांगते. त्या मुलीपाशी नवे यंत्र नव्हते. यंत्र सर्वांचेच होते. इतर जण ज्याला अडथळा समजत होते, त्याच्याकडे तिने नीट पाहिले आणि ते पाहण्याची एक साधी तऱ्हा शोधून काढली, एवढेच.

याचा आपल्याला काय उपयोग?

कुणी म्हणेल, हे सारे ठीक. पण छपराला लाट आली तर आमचे काय बिघडले? आपण आता वाट विचारायला मोबाइल काढतो. मोबाइलला जागा कळते ती वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या लहरींवरून, आणि त्या लहरीही याच छपरातून खाली येतात. त्या मागेपुढे झाल्या की जागा चुकते. रस्त्यात ती चूक चालून जाते. विमान उतरताना चालत नाही. विमानांना वाट दाखवण्यासाठी आपल्या देशाने ‘गगन’ नावाची व्यवस्था उभारली, तेव्हा आपल्या अक्षांशावरच्या आयनांबराचा खास विचार करावा लागला.

खास का? कारण आपल्याकडचे छपर जगातल्या सर्वांत चंचल भागांपैकी आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तिच्यावरचे इलेक्ट्रॉन दिवसा वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना घसरून दाट ढीग करतात. उत्तरेकडचा ढीग अहमदाबाद-भोपाळच्या आसपास पडतो. खोडद दोहोंच्या मध्ये आहे. सूर्य मावळल्यावर आणखी एक गंमत होते. खालचा थर लवकर विरळ होतो आणि वरचा दाट राहतो. तेलावर पाणी ओतल्यासारखी स्थिती होते. मग तेलाचे गोळे जसे वर उसळावेत, तसे विरळ भागाचे मोठाले बुडबुडे वर चढतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते विशेष आढळतात. अशा वेळी उपग्रहाची लहर चांदणीसारखी लुकलुकू लागते. याच चुंबकीय विषुवरेषेसाठी केरळातले थुंबा गाव निवडले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट वर गेले. त्यासाठी थुंब्याच्या कोळी मंडळींनी आपली जागा आणि आपले चर्चसुद्धा सोडून दिले, हे विसरून चालणार नाही.

सूर्याचे मोठे वादळ आले तर काय होते, हेही पाहिलेले आहे. १० आणि ११ मे २०२४ रोजी असे वादळ आले. आपल्याकडे लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. तिकडे अमेरिकेत पेरणीचे दिवस होते, आणि उपग्रहाच्या आधाराने सरळ रेषेत चालणारे ट्रॅक्टर कित्येक शेतकऱ्यांना थांबवावे लागले. त्याहून मोठे वादळ सप्टेंबर १८५९ मध्ये आले होते. तेव्हा मोबाइल नव्हते, उपग्रह नव्हते. फक्त तारायंत्रे होती आणि ती बिघडली. त्या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद कुठली म्हणाल? मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली! तिथल्या माणसांनी चुंबकसूचीचे आकडे वेळच्या वेळी हाताने लिहून ठेवले होते. आजही ते वादळ किती मोठे होते याचा विचार करताना जगभरचे अभ्यासक त्या वहीकडे वळतात. तसे वादळ पुन्हा आले, तर आपल्या किती गोष्टी त्या छपरावर टांगलेल्या आहेत याचा हिशेब प्रत्येकीने घरी करून पाहावा.

शांततेची किंमत

आता शेवटचा आणि थोडा अवघड मुद्दा. आकाशातून येणारे हे आवाज अतिशय क्षीण असतात. लग्नाच्या बँडमध्ये कुणाच्या तरी पैंजणाचा आवाज ऐकायचा, तसे ते काम. विजेच्या तारांतल्या ठिणग्या, मोबाइलचे मनोरे, कारखान्यांची यंत्रे, या सर्वांचा त्याला उपसर्ग होतो. मर्चिसनला हा प्रश्न फारसा नाही. तिथे लोकवस्तीच अगदी विरळ आहे. खोडदच्या भोवती मात्र आपण आहोत. आपली शेते, मोटारी, बाजार आणि मुलेबाळे आहेत. दुर्बिणीसाठी या भागातल्या काही उद्योगांवर बंधने आली. पुणे-नाशिक रेल्वे आपल्या भागातून नेण्याची आखणी झाली, तेव्हा दुर्बिणीला अडथळा होईल असा आक्षेप निघाला आणि मार्ग बदलण्याचा विषय पुढे आला. त्यावरून आपल्या घराघरांत काय बोलले जाते, ते मला ठाऊक आहे. माझ्याही घरात तेच बोलले जाते.

यावर मला एक जुनी हकीकत आठवते. कुलाब्याच्या ज्या वेधशाळेचे नाव मी आत्ता घेतले, तिच्यावरही असा प्रसंग आला होता. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडणार हे उघड होते. तेव्हा नानाभाई मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांनी ट्रामला विरोध करीत बसण्याऐवजी अलिबागला नवी जागा पाहिली, लोखंडाचा अंश नसलेल्या दगडांची इमारत बांधून घेतली आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी वही आणि नवी वही यांचा सांधा जुळावा. मुंबईला ट्राम मिळाली आणि नोंदींची माळही तुटली नाही. अलिबागला ते काम आजही चालू आहे.

खोडदचे तसे होणार नाही, हे मी जाणते. २५ किलोमीटरवर पसरलेल्या तीस डिश उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. पण मूस यांच्या वागण्यात एक शहाणपण होते. लोकांची गरज खोटी आहे असे ते म्हणाले नाहीत, आणि आपले कामही त्यांनी हलके मानले नाही. आपल्या टोमॅटोला लांबचा बाजार हवा, मुलींना पुण्याच्या कॉलेजात रोज जाऊन येता यावे, म्हणून रेल्वे हवी असे म्हणणाऱ्यांत मीही आहे. ती कुठून न्यावी हे ठरवताना आपल्या गावांना ती जवळ पडेल असा मार्ग काढा, हे आपण ठासून सांगितलेच पाहिजे. त्याबरोबर ‘त्या डिशचा उपयोग काय’ असे जेव्हा बाजारात कुणी म्हणते, तेव्हा त्याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे. आणि दुर्बिणीच्या मंडळींकडेही आपला एक हक्काचा शब्द आहे. आम्ही शांतता देतो, तर त्या शांततेत तुम्ही काय ऐकलेत ते आम्हांला आमच्या भाषेत, आमच्या शाळांत येऊन सांगा. आमच्या मुलींना तिथे कामाला आणि अभ्यासाला वाव द्या. दिल्याघेतल्याचा व्यवहार दोन्ही बाजूंनी स्वच्छ असला की शेजार टिकतो.

मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला दरवर्षी प्रदर्शन असते आणि दुर्बीण पाहायला मिळते. येत्या वर्षी मंडळाने आपल्या सर्व सभासदांची आणि आठवीपुढच्या मुलींची सहल तिथे न्यावी. प्रत्येकीने निदान एक प्रश्न घरून लिहून न्यावा. आणि दुसरी सूचना अशी, की तिथे मिळालेली उत्तरे पुढल्या स्मरणिकेत छापावीत. ती कोणत्याही व्याख्यानापेक्षा वाचनीय होतील, याची मला खात्री आहे.

 चहा तयार आहे असे चिटणीसबाई खुणावत आहेत. तेव्हा इथेच थांबते.